सहा पेन्सांचा तास

१९३० सालच्या मार्च महिन्यात लंडनमधील एका सभागृहात १६ स्त्रिया पियानोच्या सुरांवर व्यायाम करण्यासाठी एकत्र आल्या. त्यांना एकत्र आणणाऱ्या मेरी बॅगॉट स्टॅक यांनी आपल्या संस्थेला ‘विमेन्स लीग ऑफ हेल्थ अँड ब्यूटी’ असे नाव दिले होते आणि एका तासाचे शुल्क ठेवले होते ६ पेन्स. त्या काळचा पौंड २४० पेन्सांचा. म्हणजे एका पौंडात असे ४० तास मिळत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ६ पेन्स ही रक्कम निराळ्या कारणाने परिचित असावी. १९३५ साली ॲलन लेन यांनी पेंग्विनची कागदी वेष्टनातली पुस्तके काढली ती याच किमतीला. इंग्लंडातल्या वुलवर्थच्या दुकानांत त्या काळी ६ पेन्सांहून महाग वस्तू ठेवीत नसत. कचेरीत टंकलेखन करणाऱ्या किंवा दुकानात गिऱ्हाइकांपुढे दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीला आठवड्याच्या पगारातून घरच्यांना न विचारता जे खर्चता येई, त्याची ही जवळजवळ ठरून गेलेली मर्यादा होती. पेंग्विनने वाङ्मयाच्या वाचकवर्गाचे रूप कसे पालटले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच सहा पेन्सांत स्त्रियांच्या शरीराचा इतिहासही पालटला, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली गेलेली नाही. संगीताच्या तालावर, समूहाने, पैसे मोजून करावयाचा व्यायाम हा आज शहरोशहरी दिसणारा प्रकार कोणी, कोणासाठी आणि कोणत्या भावाने विकला, याचा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. भाव हा शब्द आम्ही येथे बाजारातल्या अर्थानेच योजला आहे.

मेरी बॅगॉट स्टॅक यांचा जन्म १८८३चा, डब्लिनचा. तरुणपणी संधिवाताच्या ज्वराने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि त्यातूनच त्या व्यायामाकडे वळल्या. विवाह झाला तो हिंदुस्थानातील गुरखा पलटणीतल्या एका अधिकाऱ्याशी. १९१२च्या सुमारास त्या हिंदुस्थानात आल्या, येथे त्यांनी काही आसने शिकून घेतली, आणि त्यांची मुलगी प्रुनेला हिचा जन्मही १९१४ साली लॅन्सडाउन या डोंगरावरच्या छावणीत झाला. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले व पती फ्रान्समध्ये मारले गेले. पदरात तान्हे मूल, हाती बेताचे उत्पन्न आणि जवळ एक विद्या, अशा स्थितीत या विधवेने लंडनमध्ये शिकवण्या धरल्या. लीगची गोष्ट सांगताना हा तपशील गाळून चालत नाही. पुढे या क्षेत्रात ज्या ज्या स्त्रिया नावारूपाला आल्या, त्यांतील बऱ्याच जणींच्या हाती आरंभी भांडवल असे नव्हतेच. होते ते स्वतःचे शरीर आणि आवाज.

१९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात या पद्धतीला ‘बॅगॉट स्टॅक पद्धती’ असे नाव दिलेले आढळते. तिच्यात पाठीचे ताण आहेत, झोके आहेत, नृत्यातली पावले आहेत आणि योगासनांच्या ओळखीच्या खुणाही आहेत. घटक अनेकांकडून आलेले, नाव मात्र जुळणी करणाऱ्याचे. जुळणी हे स्वतंत्र काम आहे आणि ते सोपे नाही, हे आम्हांस मान्य आहे. सुभाषितसंग्रहाच्या संपादकाला आपण मान देतोच; परंतु सुभाषितांचा कर्ता मानत नाही. हा भेद पुढे न्यायालयांपर्यंत गेला, म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

६ पेन्सांत तास परवडत असे कसा? उत्तर संख्येत आहे. सभागृहाचे भाडे, पियानो वाजवणाऱ्या बाईचे मानधन आणि शिक्षिकेचा पगार हे खर्च दहा जणींसाठीही तेवढेच आणि दोनशे जणींसाठीही तेवढेच. म्हणून लीगला गर्दी हवी होती, आणि गर्दी जमवण्यासाठी गर्दीचेच प्रदर्शन करावे लागे. १९३०च्याच उन्हाळ्यात हाइड पार्कमध्ये जाहीर प्रयोग झाला. पुढे अल्बर्ट हॉलमध्ये शेकडो स्त्रिया पांढरा साटीनचा बिनबाह्यांचा ब्लाउज आणि आखूड काळी चड्डी अशा एकसारख्या वेशात एका तालावर हलू लागल्या. त्या काळच्या इंग्लंडात मध्यमवयीन गृहिणीने भर मैदानावर उघड्या पायांनी उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती. दशक संपण्यापूर्वीच सभासदांची संख्या दीड लाखापलीकडे गेली.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. एका वेशात, एका लयीत हलणारे हजारो देह हे तिशीच्या दशकातले युरोपभरचे दृश्य होते आणि ते कोणाच्या सेवेला लागले हे आपण जाणतो. १९३५ साली मेरीबाई वारल्या; विशीतल्या प्रुनेलाने संस्था सांभाळली; आणि १९३८ साली हॅम्बुर्ग येथे नाझी राजवटीने भरवलेल्या मेळाव्यात लीगचे पथक सहभागी झाले. यावरून लीगला फॅसिस्ट ठरवणारे टीकाकार आम्हांस उथळ वाटतात. परंतु देह सुंदर करण्याच्या आणि वंश सुदृढ करण्याच्या भाषेत त्या काळी पुरेसे अंतर राहिले नव्हते, हेही खरेच. लीगच्या लेखनात ‘वंश’ हा शब्द वारंवार भेटतो. टंकलेखिका मात्र तेथे वंशासाठी जात नव्हती. दिवसभर वाकून बसलेली पाठ तासभर सरळ करावी आणि चार मैत्रिणी भेटाव्यात, एवढ्यासाठी ती जात होती.

त्याच दशकात महाराष्ट्रातही समूहाने आणि तालावर व्यायाम चालला होता. अर्थव्यवहार मात्र निराळा होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले होते आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४चे. बडोद्यात प्रा. माणिकराव यांनी सांघिक कवायतीला देशी आज्ञाशब्द दिले, आणि बडोद्याहूनच द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली व्यायाम ज्ञानकोशाचे १० खंड निघाले. लेझीम हे तर नृत्य आणि व्यायाम यांच्या सीमेवरचेच साधन. मुळात ती तालमीतली सरावाची कमान, दोरीच्या जागी लोखंडी साखळी ओवलेली. पुढे ती हलकी झाली, साखळीत चकत्या आल्या, हलगीची साथ मिळाली आणि दंडाच्या मेहनतीचे साधन मिरवणुकीचे झाले. १९८२च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात ती साऱ्या देशाने पाहिली.

या परंपरेत शुल्काचा उल्लेख क्वचितच सापडतो. तालमीत वस्तादाला पगार नसे. वर्गणी असे, गावचा वा संस्थानचा आश्रय असे, गुरुपौर्णिमेला नारळ असे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो तर दरबारच्या खर्चाने. संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे झाले आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक निघाले. एका अर्थी लीगच्या बाजारपेठेत औंधनेही आपला माल मांडला. फरक इतकाच की औंधचा माल फुकट होता. नमस्काराला सभागृह लागत नाही, पियानो लागत नाही, शिक्षिकाही एकदाच लागते. ज्याला विकत घेण्याजोगे काही लागत नाही, त्याची संस्था टिकवणे अवघड जाते. शिवाय आपल्या तालमींत स्त्रियांना जागा नव्हती. भवानरावांनी राणीसाहेबांचा आणि आपल्या घरच्या स्त्रियांचा दाखला देऊन बायकांनाही नमस्कार सांगितले, हा अपवाद. फुकट व्यायाम बहुतांशी पुरुषांचा होता. स्त्रियांना तो पुढे विकत घ्यावा लागला.

युद्धोत्तर काळात कथेचे केंद्र अमेरिकेकडे सरकते. १९६८ साली हवाईदलातील वैद्य केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक निघाले. धावणे, पोहणे, सायकल चालवणे यांना गुण द्यायचे आणि आठवड्याला ३० गुण मिळवायचे, अशी त्यांची सोपी रीत होती. रीत वैमानिकांसाठी तयार झाली होती आणि स्त्रियांकरिता तिचे स्वतंत्र पुस्तक १९७२ साली आले. स्त्रियांच्या दमाविषयी तेव्हा काय समज होता हे पाहायचे असेल तर ऑलिंपिककडे पाहावे. १९६८ पर्यंत तेथे स्त्रियांची सर्वांत लांब शर्यत ८०० मीटरची होती. १५०० मीटर १९७२ साली आली आणि मॅरेथॉन थेट १९८४ साली. ज्या समाजात बाईने रस्त्यावर धावणे हास्यास्पद ठरे, तेथे बंद दाराआड नाचणे मात्र चालण्यासारखे होते. जॅकी सोरेन्सन यांनी १९६९ साली पोर्तो रिको येथील हवाईदलाच्या तळावर कूपर यांची गुणपद्धती आणि नृत्य यांची सांगड घातली, ती यामुळेच.

त्याच वर्षी शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावात जूडी शेपर्ड मिसेट ही तरुण नर्तकी गस जोर्डानो यांच्या नृत्यशाळेत जॅझ शिकवीत होती. तिच्या वर्गातल्या बायका काही दिवस येत आणि मग येईनाशा होत. मुलींना नृत्याला घेऊन येणाऱ्या या आया. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले की, आम्हांला नर्तकी व्हायचे नाही, नर्तकीसारखे दिसायचे आहे. मिसेटने मग विद्यार्थिनींची तोंडे आरशाकडून फिरवून स्वतःकडे केली, चुका दाखवणे थांबवले आणि केवळ गंमत म्हणून एक वर्ग सुरू केला.

आरसा फिरवण्याची ही कृती आम्हांस या साऱ्या इतिहासातली सर्वांत अर्थपूर्ण वाटते. नृत्यशाळेतला आरसा हा परीक्षक असतो. तो बाजूला गेला की नृत्य ही साधना राहत नाही, हे शास्त्रीय नृत्याच्या शिक्षकांचे म्हणणे रास्तच आहे. पण परीक्षक गेल्यावर उरले काय? उरली ती शिक्षिका: समोर उभी, हसतमुख, हाका मारून उत्साह देणारी. विद्यार्थिनी आता स्वतःकडे न पाहता तिच्याकडे पाहू लागल्या. येथून पुढे विकली जाणारी वस्तू पावले नव्हती, ती व्यक्ती होती. आणि व्यक्ती दिवसाला किती तास विकता येते याला मर्यादा असते.

ती मर्यादा मिसेटला लवकरच कळली. कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यावर नगरपालिकांची करमणूक केंद्रे, चर्चची सभागृहे, शाळांचे जिमखाने अशा स्वस्त जागांत तिचे इतके वर्ग सुरू झाले की संगीतावर ओरडून ओरडून तिचा गळा बसला. १९७७च्या सुमारास तिने मोजक्या विद्यार्थिनींना शिक्षिका म्हणून तयार केले. जवळच मरीन सैनिकांची मोठी छावणी होती. तेथल्या बायकांच्या नवऱ्यांच्या बदल्या झाल्या की जॅझरसाइझ त्यांच्याबरोबर नव्या गावी जाई. नवी पावले त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी चित्रफिती पाठवण्यात येऊ लागल्या. शिक्षिका आपल्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा मूळ संस्थेला देई. पुढे या शिक्षिका नोकर की स्वतंत्र व्यावसायिक, असा प्रश्न करखात्याने उपस्थित केला आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी सारी रचना फ्रँचायझीच्या साच्यात बसवण्यात आली. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात जॅझरसाइझच्या शिक्षिका नाचल्या, तोवर अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या फ्रँचायझींत तिची गणना होऊ लागली होती.

या व्यवस्थेचे कौतुक आणि टीका दोन्ही झाली आहेत. आमच्या मते तिचा खरा विशेष एका बारीक गोष्टीत आहे: पुष्कळ वर्गांशेजारी मुले सांभाळण्याची सोय असे. तासाचे शुल्क कितीही कमी ठेवले तरी तीन वर्षांचे मूल ठेवायचे कोठे, हा प्रश्न सुटल्याशिवाय आई येऊ शकत नाही. व्यायामाची किंमत म्हणजे केवळ दारावर घेतले जाणारे पैसे नव्हेत, हे त्या बायकांना अर्थशास्त्रज्ञांआधी ठाऊक होते.

आता ज्या प्रकरणापाशी आम्हांस अधिक थांबायचे आहे ते. १९८२ सालच्या एप्रिल महिन्यात ‘जेन फोंडाज वर्कआउट’ ही चित्रफीत बाजारात आली. किंमत ५९ डॉलर ९५ सेंट. त्या वेळी बहुतेक घरांत ती फीत लावण्याचे यंत्रच नव्हते, आणि चित्रफीत ही भाड्याने आणून एकदा पाहायची गोष्ट मानली जाई. स्टुअर्ट कार्ल या निर्मात्याने फोंडा यांना गळ घातली ती आपल्या पत्नीच्या सूचनेवरून. फोंडा यांना मात्र अभिनेत्रीने असे काही करणे प्रशस्त वाटत नव्हते. परंतु व्यायामाची फीत रोज लावायची असते, म्हणून ती विकत घ्यावी लागते. लोकांनी ती घेतली, आणि तिच्यासाठी यंत्रही घेतले. या मालिकेच्या सर्व फिती मिळून १ कोटी ७० लाखांच्या आसपास खपल्या.

फोंडा येथवर पोहोचल्या कशा? १९७८ साली ‘द चायना सिंड्रोम’ या चित्रपटाच्या काळात त्यांचे पाऊल मोडले आणि नेहमीचे बॅले करता येईना. दुसऱ्या एका व्यायामशाळेत त्यांना लेनी कॅझडेन नावाची शिक्षिका भेटली. व्यायामांचा जो क्रम पुढे जगभर ‘फोंडाचा’ म्हणून ओळखला गेला, तो लेनीने आपल्या वर्गांसाठी बसवला होता. फोंडा तिच्याकडे शिकल्या आणि दोघींनी मिळून व्यवसाय काढावा असे ठरले. त्याच सुमारास फोंडा यांचे पती टॉम हेडन यांच्या ‘कॅम्पेन फॉर इकॉनॉमिक डेमोक्रसी’ या राजकीय संघटनेला पैशाची निकड होती. व्यायामशाळेचा नफा संघटनेला मिळावा म्हणून मालकी संघटनेकडे ठेवण्यात आली. या मांडणीत लेनी भागीदार राहिली नाही. १९७९ साली बेव्हर्ली हिल्समध्ये व्यायामशाळा उघडली, १९८१ साली पुस्तक निघाले आणि १९८२ साली चित्रफीत. फोंडा यांनी २००५च्या आत्मचरित्रात लेनीचे ऋण मान्य केले आहे, आणि स्त्रियांच्या व्यायामाचा इतिहास सांगणाऱ्या डॅनिएल फ्रीडमन यांच्या २०२२च्या पुस्तकात लेनीची बाजू तिच्याच तोंडून आली आहे.

हे वाचताना मनात येणारा पहिला शब्द ‘चोरी’ हा असेल. तो आम्ही वापरणार नाही. क्रम लेनीचा होता, परंतु विकत घेतली जात होती ती फोंडा. तोच क्रम लेनीने स्वतःच्या नावाने फितीवर आणला असता तर लाखो घरांनी यंत्र विकत घेतले असते असे कोणीही म्हणणार नाही. मात्र त्यामुळे लेनीच्या वाट्याला शून्य यावे हा निष्कर्ष निघत नाही. विशेष उपरोध असा की पैसा गेला तो आर्थिक लोकशाहीचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेला. श्रमिकांना उद्योगात वाटा असावा हे जिचे ब्रीद, तिच्या तिजोरीचा पाया एका शिक्षिकेच्या वाटा न मिळालेल्या श्रमावर घातला गेला. कादंबरीकाराने हे रचले असते तर समीक्षकांनी त्याला योगायोगाचा अतिरेक म्हटले असते.

लेनीने न्यायालयात जावे असे कायद्यात काही होते का? १९७६चा अमेरिकी कायदा १९७८ पासून लागू झाला आणि त्याने नृत्यरचनेला प्रथमच स्वतःच्या नावाने संरक्षण दिले. तत्पूर्वी, १९५२ साली, हान्या होल्म यांनी ‘किस मी केट’मधील आपली रचना नृत्यलिपीत उतरवून नोंदवली होती, ती जणू नाट्यकृती म्हणून. नव्या कायद्यातही सुटी सामाजिक पावले आणि साधे क्रम वगळलेले राहिले. शब्दांवर मालकी नसते, वाक्यबंधांवर असते, हा साहित्यातला परिचित न्यायच येथे लावलेला आहे. पण व्यायामाचा क्रम हे वाक्य की नुसती शब्दांची यादी? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले, आणि ते मिळाले योगाच्या निमित्ताने. बिक्रम चौधरी यांनी २६ आसने व २ श्वसनक्रिया यांच्या क्रमावर हक्क सांगितला होता. अमेरिकेच्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला: आरोग्यासाठी योजलेला क्रम ही पद्धती आहे, कल्पना आहे, आणि कल्पनेवर लेखकाधिकार नसतो. आपल्या १९५७च्या कायद्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’च्या व्याख्येत येते, ती लेखनाने वा अन्य प्रकारे निश्चित केलेली असल्यास. थोडक्यात, तोच देह तीच हालचाल रंगमंचावर करील तर ती कृती आणि घाम यावा म्हणून करील तर ती कृती नव्हे! न्यायालयाचा निर्णय आम्हांस योग्य वाटतो, कारण आसनांची मालकी कोणा एकाकडे जाणे भयंकर झाले असते. पण याच निर्णयाने लेनीसारखीच्या हाती काही उरत नाही, हेही मान्य करावे लागते.

पावले राखता येत नाहीत म्हटल्यावर व्यापाराने नाव राखले. कोलंबियातल्या काली शहरचे बेटो पेरेझ एकदा वर्गाला येताना एरोबिक्सची ध्वनिफीत विसरले आणि गाडीतल्या साल्सा-मेरेंगेच्या फितीवर त्यांनी वेळ मारून नेली, ही झुंबाची जन्मकथा प्रसिद्धच आहे. (जन्मकथा नेहमी अपघाताची असते, भांडवलाची कधीच नसते.) २००१ साली मायामीत दोन भागीदारांबरोबर कंपनी उभी राहिली आणि काही वर्षांतच तिने आपले खरे गिऱ्हाईक ओळखले. ते म्हणजे वर्गातली बाई नव्हे, वर्ग घेणारी शिक्षिका. प्रशिक्षणाचे शुल्क एकदा, आणि मग नवी गाणी, नव्या रचना व नाव वापरण्याची मुभा यांसाठी दरमहा सभासदत्व. जॅझरसाइझ शिक्षिकेच्या उत्पन्नात वाटा घेई. वर्गात कोणी आले नाही तर मूळ संस्थेलाही काही मिळत नसे. झुंबाची मासिक रक्कम वर्ग भरो न भरो, द्यावीच लागते. धोका सारा शिक्षिकेकडे सरकला. परवाना संपला तर ती तीच पावले शिकवू शकते, त्यांना झुंबा म्हणू शकत नाही.

शिक्षिकेच्या शरीराचा हिशेब आणखी वेगळा. १९८५च्या सुमारास कॅलिफोर्नियात केलेल्या एका पाहणीत एरोबिक्सच्या विद्यार्थिनींपैकी ४३ टक्क्यांनी आणि शिक्षिकांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी दुखापत झाल्याचे सांगितले. काँक्रीटवर अंथरलेला गालिचा, दिवसाला चार चार वर्ग, अनवाणी किंवा चुकीच्या बुटांतल्या उड्या. नडगीचे हाड सर्वांत आधी बोलू लागे. रीबॉकने १९८२ साली खास या बायकांसाठी ‘फ्रीस्टाइल’ हा बूट काढला आणि त्यावर कंपनी मोठी झाली. जिन मिलर यांनी स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी पायरी चढण्याउतरण्याचा व्यायाम शोधला, तोही १९८९च्या सुमारास त्याच कंपनीच्या ठोकळ्याच्या रूपाने बाजारात आला. दुखण्यावरचा उतारासुद्धा विकतच घ्यावा लागला.

झुंबा आपल्याकडे आली ती गेल्या पंधरा वर्षांत. पुण्यामुंबईच्या गृहसंस्थांच्या सभागृहांत, मंगल कार्यालयांच्या रिकाम्या दिवसांत, शाळांच्या गच्च्यांवर सकाळ-संध्याकाळ जे वर्ग चालतात त्यांत साल्साला लावणीचा आणि भांगड्याचा शेजार असतो. शिक्षिका बहुधा तिशी-चाळिशीतली, पूर्वी स्वतः विद्यार्थिनी म्हणून आलेली. दरमहा गोळा होणाऱ्या पैशांतून जागेचे भाडे, ध्वनिवर्धक, परवाना आणि प्रवास वजा जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळा, योगकेंद्रे वगैरेंच्या सेवेवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण त्याबरोबर खर्चावर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. लहान वर्ग घेणारी बाई नोंदणीच्या मर्यादेखालीच असल्याने तिला यातून मिळाले काहीच नाही. २०२५ सालीच केरळ सरकारने शाळांतून अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेचा भाग म्हणून झुंबा आणली. काही धार्मिक संघटनांनी वेशभूषेवरून आणि मुलामुलींच्या एकत्र नाचण्यावरून विरोध केला. वाद संस्कृतीचा झाला. एका खाजगी कंपनीचे व्यापारचिन्ह सरकारी शाळेच्या वेळापत्रकात सामान्यनाम होऊन कसे बसले, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. औंधच्या शाळांत सक्तीचे झालेल्या नमस्काराचा कोणी परवाना काढला नव्हता.

मराठी बायकांचा तालावरचा समूहव्यायाम अर्थातच याहून जुना आहे. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीची मंगळागौर, रात्रभरचे जागरण, झिम्मा, पिंगा, बसफुगडी, दंडफुगडी. बसफुगडीने मांड्यांची जी परीक्षा होते ती कोणत्याही ठोकळ्याने होणार नाही. या रचनांना कर्ता नाही, त्या शिकवण्याला शुल्क नव्हते, आणि रात्रभर नाचलेल्या बाईला सकाळी चुलीपुढे बसण्यापासून सुटकाही नव्हती. आता हे खेळ येणाऱ्या बायका घरोघरी उरलेल्या नाहीत. म्हणून ठाणे, पुणे, डोंबिवली, नाशिक येथे मंगळागौरीचे खेळ सादर करणारी पथके आहेत: दहाबारा जणी, एकसारखी नऊवारी, नथ, कानापाशी ध्वनिक्षेपक. त्यांत बँकेतून निवृत्त झालेल्या असतात, शिक्षिका असतात, सुना-सासवा एकाच पथकात असतात. श्रावणापूर्वी दोन महिने सराव चालतो. यजमानीण दूरध्वनीवर तारीख, वेळ आणि खेळांची संख्या ठरवते आणि मग विचारते, तासाचे किती घ्याल? पथकप्रमुख बाई आकडा सांगतात, आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा, असेही सांगतात.